माळावरच्या शर्यती आम्ही बंद केल्या

पोलीस खात्यात तेहतीस वर्षं काढली. लोक भेटले की खुनाची, दरोड्याची प्रकरणं विचारतात. ती सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण त्यात आम्ही जे केलं ते बहुतेक बरोबर केलं. पण सकाळी फिरायला निघालो आणि मागून एखादी मोटारसायकल जोरात आली, की मला एकच प्रकरण आठवतं. त्यात कोणी मेलं नाही. न्यायालयातही ते फार चाललं नाही. तरी ते मनातून जात नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचं आणि माणसांचं नाव इथे घेत नाही. त्यातली बरीच माणसं अजून तिथेच राहतात आणि त्यांना पुन्हा चर्चेत आणण्याचा मला अधिकार नाही.

दिवाळी नुकतीच झाली होती. शेजारच्या एका गावी शंकरपट भरणार होता. बैलांच्या शर्यतींना पुन्हा परवानगी मिळू लागली होती आणि त्याबरोबर अटींचा कागदही आला होता. धावपट्टी किती लांब असावी, बैलांची तपासणी कोण करील, रुग्णवाहिका कुठे उभी राहील, चित्रीकरण कोण करील, सगळं लिहिलेलं. मी त्या बंदोबस्ताच्या याद्या करत बसलो होतो. तेवढ्यात ठाणे अंमलदारानं एका माणसाला आत पाठवलं. पंचेचाळिशीचा, अंगावर तेलाचे डाग पडलेला खाकी शर्ट, हातात घडी घातलेला कागद. रस्त्यावरच्या तांड्यातला होता आणि नाक्यावर त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आसपासच्या सगळ्या गावांतली पोरं त्याला मिस्त्रीच म्हणत.

अर्जाचं अक्षर मोत्यासारखं होतं. विषय होता, मोटारसायकल शर्यतीसाठी जागा व परवानगी मिळणेबाबत. गावाबाहेरून जाणाऱ्या वळणरस्त्याचं काम जमिनीच्या वादात थांबलं होतं. माळावर दीड-दोन किलोमीटरचा डांबरी तुकडा तयार होऊन तसाच पडला होता, दोन्ही टोकांना कशालाही न जोडलेला. तिथे रविवारी दुपारी दोन तास पोरांना गाड्या पळवू द्याव्यात, ठाण्यानं एक शिपाई द्यावा, आरोग्य केंद्राला रुग्णवाहिकेसाठी सांगावं, अशी मागणी होती.

मी हसलो. म्हणालो, "मिस्त्री, हा कायद्यानं गुन्हा आहे. तू पोलिसाकडे गुन्ह्याची परवानगी मागायला आलास?"

"गुन्हा हाय म्हणूनच आलो साहेब. पोरं तर पळवूनच राहिली. रोडवर पळवत होती, मी त्याइला माळावर नेलं. तिथं दोन-दोनच सोडतो, हेल्मेट घातल्याबिगर सोडत न्हाई. पन मी कोन? उद्या काही झालं तर मला कोन इचारतं? सरकारचा माणूस उभा असला म्हंजे पोरं बी ऐकतेत."

"आणि कोणाचं डोकं फुटलं तर?"

"म्हणूनच गाडी मागून राहिलो ना दवाखान्याची." मग त्याचं लक्ष टेबलावरच्या शंकरपटाच्या कागदांकडे गेलं. "बैलाच्या शर्यतीला भेटते परवानगी. आमाला काहून न्हाई?"

"बैल आणि मोटारसायकल सारखी का?"

"न्हाई साहेब. बैलाला कुनी इचारत न्हाई, पळायचं का म्हणून. ही पोरं सोताहून पळतेत."

बाहेर बसलेला जमादार हसला. मीही हसलो आणि मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवलं. अर्जाला आवक क्रमांक पडला आणि त्यावर मी दोन शब्द लिहिले, दप्तरी दाखल. परवानगी देणं माझ्या हातात नव्हतं, हे खरं. पण एक पाठवणीपत्र जोडून तो अर्ज वर पाठवणं माझ्या हातात होतं. पाच मिनिटांचं काम होतं.

तीनेक आठवड्यांनी ठाण्यात फोन आला. माळावर रविवारी गर्दी जमते, गाड्यांच्या शर्यतींवर जुगार चालतो, पोरं बिघडून राहिली, असं सांगणारा माणूस भागातला वजनदार होता. शिवाय जुगार हा शब्द आला की ठाण्याला हलावंच लागतं. खबर आली की ती खरी की खोटी हे आम्ही पाहतो. खबर देणारा ती का देतोय, हे तितक्या काळजीनं पाहत नाही. हा माणूस त्याच माळावरून चोरून मुरूम उचलत होता आणि रविवारच्या गर्दीमुळे त्याचे ट्रॅक्टर अडत होते, हे मला पुढे कळलं. तोवर उशीर झाला होता.

पुढच्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास आम्ही दोन्ही टोकांनी गेलो. एका बाजूला जीप, दुसऱ्या बाजूला चार अंमलदार. मला वाटलं होतं, आम्हाला पाहताच पोरं रानोमाळ पांगतील. पण मिस्त्री रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडला, "पळू नका रे! जागच्या जागी उभं राहा. साहेब आपलेच हायेत."

आणि ती उभी राहिली. एकोणीस पोरं आणि चौदा गाड्या. एकानंही पाऊल उचललं नाही. या गोष्टीची किंमत मला त्या वेळी कळली नाही.

जुगाराचं काहीही सापडलं नाही. सापडलं ते पंचनाम्यात लिहिलं: चुन्याची फक्की एक पिशवी, लाल फडकी बांधलेली सुतळी, जुनी हेल्मेटं चार, वाळूनं भरलेल्या बादल्या दोन, नारळ सहा. नारळ जिंकणाऱ्यासाठी होते, शंकरपटाला देतात तसे.

सगळ्यांना ठाण्यात आणलं. आईबापांना बोलावलं. गाड्यांना नंबरपाट्या नव्हत्या, सायलेन्सर बदललेले होते, त्याचे दंड केले. मग सगळ्यांना आवारात ओळीनं उभं करून मी भाषण दिलं. त्यातली काही पोरं पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे धावताना आमच्या पहारेकऱ्यांना दिसायची. त्यांच्याकडे पाहून मी मुद्दाम आवाज चढवला.

"आज समज देऊन सोडतोय. पुढच्या वेळी गुन्हा दाखल होईल. एकदा का गुन्ह्यात नाव चढलं, की भरती विसरायची. चारित्र्य पडताळणीत मीच लिहीन. मग आयुष्यभर बापाच्या रानात निंदत बसा."

एक म्हातारा बाप हात जोडून म्हणाला, "बराबर बोलले साहेब. असंच पायजे याइला." मला बरं वाटलं.

मिस्त्रीला मी वेगळं बसवलं. फौजदारी संहितेच्या कलम एकशे एकोणपन्नासची प्रतिबंधक नोटीस दिली आणि यापुढे शर्यतीसाठी पोरं जमवणार नाही, तशी जमली तर तिथे उभा राहणार नाही, असं लिहून घेतलं. त्यानं सही करण्यापूर्वी कागद दोनदा वाचला.

"साहेब, मी उभा न्हाई राहिलो तर ही थांबतीन असं वाटतं का तुमाला?"

"ते मी पाहीन."

"तुमी किती रस्ते पाहसान?" एवढं बोलून त्यानं सही केली.

दोन दिवसांनी मी त्या डांबरी तुकड्यावर दोन ठिकाणी आडवे चर खणून घेतले, म्हणजे पुन्हा कोणी गाडी पळवायला नको. पोरांच्या ओळीसमोर मी उभा असलेला फोटो वर्तमानपत्रात आला. वरिष्ठांनी बैठकीत कौतुक केलं. स्टेशन डायरीत विषय संपला.

त्यानंतरचे तीन महिने शांत गेले, असं मी म्हणायचो. खरं म्हणजे शर्यती आमच्या नजरेआड गेल्या होत्या. पोरांनी जागा ठरवणं सोडून दिलं. मोबाईलवर निरोप फिरायचा आणि अर्ध्या तासात चार-पाच गाड्या कुठल्या तरी चालत्या रस्त्यावर निघायच्या. एकदा कनेरगाव नाक्याच्या बाजूला, एकदा साखऱ्याकडे, एकदा पुसेगावच्या अलीकडे. आम्ही पोहोचेपर्यंत धूळही खाली बसलेली असायची. हेल्मेट देणारा, दोन-दोन सोडणारा माणूस आता त्यांच्यात नव्हता. तो मीच काढून टाकला होता.

हळद काढणीचे दिवस आले. एका रविवारी पोलिओ लसीकरण होतं. एका गावची आशाताई बूथ आटोपून लसीचा डबा खांद्याला लावून पायी उपकेंद्राकडे निघाली होती. साडेचार-पाचची वेळ, स्वच्छ ऊन. रस्त्याच्या कडेनं, आपल्या बाजूनं ती चालत होती. एका पुलाजवळ दोन गाड्या तिच्या पुढे निघून गेल्या आणि त्यांच्यामागून तीन शेजारी-शेजारी आल्या. समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत होता. कडेच्या गाडीनं वाट काढायला रस्ता सोडला आणि तिला उडवलं.

गाडी पडली, चालवणारा उठला. सोबतच्या दोन गाड्या थांबल्याच नाहीत. ट्रॅक्टरवाला, उगाच साक्षीदार व्हायला नको म्हणून, पुढे निघून गेला. नंतर त्यानं स्वतःच हे मला सांगितलं. लोक रानात हळदीच्या कढईवर होते. आशाताई जवळजवळ अर्धा तास त्या पुलाशी पडून राहिली. शेवटी एका टेम्पोवाल्यानं तिला उचललं. तिच्या डाव्या पायातून रक्त जात होतं आणि ती त्याला सांगत होती, "दादा, आधी तो डबा बंद करा. लस गरम होईन."

आम्ही पोहोचलो तेव्हा बर्फाच्या पिशव्या खड्ड्यात वितळत होत्या. पंचनाम्यात इंडिकेटरची फुटलेली काच आणि मडगार्डचा हातभर तुकडा घेतला. तुकड्यावर निळा रंग होता आणि तो खरवडला की आत लाल. म्हणजे रंग बदललेला होता. गाडीचा नंबर कोणीही पाहिला नव्हता. तिच्या नवऱ्यानं फिर्याद दिली आणि अज्ञात मोटारसायकलस्वाराविरुद्ध गुन्हा दाखल झाला.

एका पेट्रोल पंपाच्या चित्रीकरणात त्या वेळी पाच गाड्या जाताना दिसल्या. चेहऱ्याला रुमाल, नंबरपाट्या काढलेल्या. आमच्याकडे एकच धागा होता, तीन महिन्यांपूर्वीची एकोणीस नावांची यादी. एकेकाला बोलावलं. एकोणिसांपैकी कोणीही त्या रविवारी रस्त्यावर नव्हतं. कोणी हळद शिजवत होतं, कोणाचं पोट दुखत होतं, कोणी मामाच्या गावाला गेलेलं. आईबाप साक्षीला उभे. पुढाऱ्यांचे फोन सुरू झाले. चौकशीचा माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस कुठेतरी जास्तीचं बोलतो आणि तिथे सापडतो. ही पोरं मोजून तीन वाक्यं बोलत होती. गप्प कसं राहायचं, हे कोणीतरी त्यांना शिकवलं होतं. भीतीनंच शिकवलं असणार, आणि ती भीती घालणारा मी होतो.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीला आणलं. माझा संशय त्याच्यावरच होता. मला वाटलं, लिहून दिलं तरी आतून हाच चालवतोय. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी त्याला बाकावर बसवून ठेवलं. वाट पाहायला लावली की माणूस मऊ पडतो, हा आमचा जुना समज. तो मऊ पडला नाही. त्यानं फक्त दोनदा पाणी मागितलं.

मी विचारलं, "कोण होतं?"

"मला ठाव न्हाई साहेब. तुमी लिहून घेतलं, तवापासून त्या कामानं एक पोरगं दुकानात आलं न्हाई. आधी कोन कुठं हाय, कोनाच्या गाडीचा ब्रेक ढिला हाय, सगळं ठाव असायचं. आता काहीच ठाव न्हाई."

"खोटं बोलू नकोस. बाई दवाखान्यात पडली आहे."

"ठाव हाय मला. माझ्या नातीला तिनंच डोस पाजला त्या दिवशी."

मी टेबलावर मडगार्डचा तुकडा ठेवला. त्यानं तो उचलला, उलटा केला, आतल्या बाजूच्या पत्र्याच्या जोडावरून अंगठा फिरवला. ज्या हातांनी तो जोड मारला होता, तेच हात आता तो तुकडा ओळखत होते, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. मी पुढे सरकलो.

"नाव सांग."

"उद्या सकाळपर्यंत टाइम द्या साहेब."

मी भडकलो. पुरावा दडवल्याच्या गुन्ह्यात आत टाकीन म्हणालो. तो मान खाली घालून बसून राहिला. तेव्हा जमादार मला बाहेर घेऊन गेला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, शांत माणूस. म्हणाला, "सर, जाऊ द्या त्याला. आज नाव काढलं तर आपण पोरगं पकडून आणू. उद्यापर्यंत थांबलो तर पोरगं चालत येईल. दोन्हीत फरक आहे."

"आणि पळाला तर?"

"माळावर पळाला होता का?"

मी मिस्त्रीला सोडलं. ती रात्र मला झोप नव्हती, हे कबूल करतो.

सकाळी साडेनऊला हजेरी सुरू होती. फाटकातून तिघं आत आले. पुढे मिस्त्री, मागे तेवीस-चोवीस वर्षांचा एक पोरगा आणि त्याचा बाप. त्या दिवशी आवारात हात जोडून मला बराबर म्हणणारा म्हातारा तोच. पोरगा कोपरापासून मनगटापर्यंत सोललेला होता आणि त्यावर हळद लावलेली होती. पदवी झालेला, भरतीत एकदा थोडक्या गुणांनी राहिलेला. पहाटे धावणाऱ्यांत सगळ्यात पुढे असायचा.

म्हातारा दारातच थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी खोटी साक्ष दिली साहेब. तो घरी नव्हता."

जबाब घेताना मी पोराला ठरावीक क्रमानं प्रश्न विचारले. त्यानं सगळं सांगितलं. गाडी घरामागच्या कडब्याच्या गंजीत लपवली होती. बाकीच्या चौघांची नावं सांगायला तो तयार नव्हता, तीही नंतर मिळाली. शेवटी मी नेहमीचा प्रश्न विचारला, "बाई पडलेली दिसली का?"

"दिसली."

"मग?"

"थांबलो होतो साहेब. मी पडलो, उठलो, तिच्याकडं गेलो. पाच-सहा पावलांवरच पडली व्हती. ती माझ्याकडं बघून राहिली व्हती. तिला उचलायचं म्हणून खाली वाकलो बी." तो हातावरची हळद नखानं खरवडू लागला. "मग तुमचं बोलनं आठवलं."

"कोणतं बोलणं?"

"एकदा नाव चढलं की भरती विसरा. मीच लिहीन म्हणले व्हते तुमी."

लेखनिकानं मान वर केली. हे जबाबात घ्यायचं का, असं त्यानं डोळ्यांनी विचारलं. मी म्हणालो, "घे. तो बोलला तसंच घे."

जाताना तो पोरगा म्हणाला, "साहेब, मिस्तरीकाकाचा तो अर्ज मी लिहिला व्हता. त्याइला लिवता येत न्हाई तेवढं. तुमी वाचला व्हता का?"

मी हो म्हणालो. वाचला तर होताच.

दोषारोपपत्र तयार करताना मोटार वाहन कायद्याचं पुस्तक काढलं. शर्यतीचं कलम एकशे एकोणनव्वद. इतकी वर्षं मी त्या कलमाचा आकडा लिहीत आलो होतो. आता पहिली ओळ वाचली. सार्वजनिक जागी शर्यत लावणं गुन्हा आहे, पण ती राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय असेल तर. म्हणजे संमती घेऊन शर्यत होऊ शकते, हे कायद्यानंच गृहीत धरलं होतं. दार बंद होतं, पण त्याला कडी होती. तेलाचे डाग पडलेला शर्ट घालून एक माणूस तीच कडी शोधत माझ्याकडे आला होता आणि मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं.

आशाताईला नांदेडला हलवलं होतं. तिचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. अर्धा तास आधी आली असती तर कदाचित पाय राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. मी पुरवणी जबाब घ्यायला गेलो. ती उशाला टेकून बसली होती. पदर सावरून म्हणाली, "बसा साहेब."

मी सांगितलं, पोरगा सापडला. स्वतः हजर झाला.

"मला वळखू आला व्हता तो, पडला तवा रुमाल सुटला व्हता त्याचा," ती म्हणाली. "त्याच्या बहिणीचं बाळंतपण मी केलं नेऊन. वाकला व्हता माझ्याकडं. मला वाटलं, उचलतो आता."

"मग पहिल्या जबाबात नाव का नाही दिलं?"

"त्याची आई दुसऱ्या दिवसापासून येऊन बसून राहिली ना हितं, बाहेरच्या वऱ्हांड्यात. काही बोलत न्हाई, नुसती बसते. कसं देऊ?" मग ती म्हणाली, "साहेब, एक इचारू? ही पोरं आधी माळावर व्हती. मी रविवारी तिकडून तांड्यावर जायची. मला पाहिलं की मिस्तरी हात वर करायचा, सगळ्या गाड्या बंद व्हायच्या. 'जा ताई' म्हणायचा. मी पार पलीकडं जाईस्तोवर एक गाडी चालू व्हत नव्हती. तिथून याइला हाकललं कुनी?"

मी म्हणालो, "मी."

तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. आला असता तर सोपं गेलं असतं. तिनं फक्त विचारलं, "मंग दुसरी जागा कुठं दिली?"

मी कागद आवरले. त्या जबाबात हा प्रश्न मी लिहिला नाही. तो गुन्ह्याशी संबंधित नव्हता.

पोरानं न्यायालयात गुन्हा कबूल केला. शिक्षा मोठी झाली नाही, पण भरतीचं दार कायमचं बंद झालं. आता तो पुण्याकडे एका गोदामात कामाला आहे, असं ऐकतो. आशाताईनं काम सोडलं. आशाचं काम म्हणजे दिवसभर चालणं, आणि तिला कृत्रिम पायावर घरापासून मंदिरापर्यंत जाववतं. अजून बाया लेकराच्या इंजेक्शनची तारीख विचारायला तिच्याच ओट्यावर येतात. मिस्त्रीचं काय झालं, ते मला जास्त लागतं. पोराला त्यानंच ठाण्यात नेलं हे गावागावात कळलं. पोरांनी त्याच्या दुकानाकडे फिरकणं बंद केलं. त्याला घरभेदी म्हणू लागले. वर्षभरात त्यानं दुकान उठवलं आणि वाशीमला कोणाच्या तरी गॅरेजात पगारावर लागला. मला वाचवता आला असता असा तो एक माणूस होता. मी निदान लोकांसमोर चार शब्द बोलू शकलो असतो. बोललो नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट होतं, हे कारण तेव्हा पुरेसं वाटलं.

निवृत्तीआधी सहा महिने मी एक प्रस्ताव तयार केला. माळावरचा तो तुकडा किंवा तालुक्याच्या बाहेरची एखादी पडीक सरकारी जमीन, महिन्यातून दोन रविवार, शंकरपटासारख्याच अटी. मिस्त्रीचा जुना अर्ज दप्तरातून काढून सोबत जोडला. तो कागद महसुलाकडे गेला, तिथून बांधकाम विभागाकडे, तिथून परिवहनकडे. प्रत्येकानं दुसऱ्याचा अभिप्राय मागवला. कोणी वाईट वागलं नाही. ज्याची जबाबदारी येईल त्याला ती नको होती, जशी मला नको होती. एका अधिकाऱ्यानं सांगितलं, हौस असेल तर पोरांनी पक्क्या धावपट्टीवर जावं. अशा धावपट्ट्या आपल्या देशात बोटावर मोजण्याइतक्या, त्याही चेन्नई-कोइमतूर-दिल्लीच्या बाजूला. हळदीच्या रानातला पोरगा जुनी गाडी घेऊन तिकडे जाणार कसा? त्याच्या दारात रस्ता आहे. तो रस्त्यावरच जाईल.

मिस्त्रीची चार हेल्मेटं आणि वाळूच्या बादल्या पुरेशा होत्या, असं मी म्हणत नाही. माळावरही एखाद्याचा जीव गेला असता, कोण जाणे. शर्यतीचा कायदा असू नये, असंही म्हणत नाही. चालत्या रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याला मी आजही पकडीन. पण पकडणं हे अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं आपलं नाही, असं मी तेहतीस वर्षं धरून चाललो. आणि दुसरी गोष्ट, भीती घालताना आपण मनात धरतो की माणूस गुन्ह्याला भिईल. तो पोलिसाला भितो. भ्यालेला माणूस सगळ्यात आधी पळतो, आणि पळताना मागे कोण पडलंय ते पाहत नाही.

गेल्या हिवाळ्यात संध्याकाळी हिंगोलीबाहेरच्या रस्त्यावर फिरत होतो. पाच-सहा गाड्या माझ्या शेजारून सुसाट गेल्या, वळून आल्या, पुन्हा गेल्या. रस्त्यावर एसटी होती, शाळेतून परतणाऱ्या सायकली होत्या. मी ठाण्याला फोन केला. करणं भाग होतं. फोन एका तरुण अधिकाऱ्यानं घेतला. मला ओळखत होता, आदरानं बोलला.

"काळजी करू नका सर, लगेच गाडी पाठवतो. हाकलून देतो सगळ्यांना."

"हाकलून कुठे देणार?" मी विचारलं.

"म्हणजे सर?"

मला बरंच सांगायचं होतं. पण मागे वायरलेस वाजत होता, कोणीतरी त्याला हाक मारत होतं, हजेरीची वेळ झाली होती. ठाण्यातली ती वेळ मला माहीत आहे. मी म्हणालो, "काही नाही. सायकलवर लेकरं आहेत इथे, लवकर पाठवा."

दहा मिनिटांत जीप आली. गाड्या पांगल्या. दोन कनेरगाव नाक्याकडे गेल्या, बाकीच्या कुठे गेल्या ते दिसलं नाही.